निरोप्याने निरोप बदलावा काय?

निरोप पोहोचविणाऱ्याने निरोपात पदरचे काही घालू नये, ही अपेक्षा फार जुनी आहे. मराठी राज्याच्या काळात जासुदाच्या हाती पत्र दिले जाई, ते थैलीत घालून व वर मोहोर करून. मजकूर संपला तेथे मोर्तब उठविले जाई. त्या खुणेच्या पुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, एवढाच त्याचा हेतू असे. पत्र नेणारा माणूस विश्वासू असला, तरी पत्राची शुद्धता केवळ त्याच्या विश्वासूपणावर सोडावयाची नाही, असा तो शहाणपणाचा व्यवहार होता.

पुढे तारायंत्र आले आणि हाच प्रश्न कायद्यापुढे उभा राहिला. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील ८८ व्या कलमाने न्यायालयाला असे गृहीत धरण्याची मुभा दिली की, पत्त्यावरच्या माणसाला तार कचेरीतून मिळालेला संदेश हा मूळ कचेरीत पाठविण्यासाठी दिलेल्या संदेशाशी जुळणारा आहे. मात्र तो संदेश मुळात कोणी दिला, याविषयी काहीही गृहीत धरावयाचे नाही, अशी मर्यादाही त्याच कलमात घालून दिली होती. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु त्यापूर्वीच, २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात ८८-अ हे कलम घालून तेच तत्त्व ई-मेलला लागू केले होते. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या ९० व्या कलमात ते तत्त्व कायम आहे. प्रेषकाने आपल्या संगणकात जे लिहिले तेच मेल सर्व्हरमार्फत पलीकडे पोहोचले, असे न्यायालय मानू शकते. कोणी पाठविले, हे मात्र ते आपण होऊन मानणार नाही.

हे गृहीत विरुद्ध पुराव्याने खोडून काढता येते, हे खरे. तथापि व्यापारातील करार, नोकरीचा राजीनामा, निविदेची मुदत, बँकेची सूचना असे कितीतरी व्यवहार याच विश्वासावर रोज चालतात. तेव्हा पत्र वाहून नेणारी यंत्रे या विश्वासाला पात्र आहेत काय, आणि वाटेत असताना संदेशाच्या शीर्षभागात त्यांनी हात घालावा काय, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता राहत नाही.

यासाठी ई-मेलचा प्रवास कसा होतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. साध्या टपालाप्रमाणे ई-मेललाही एक पाकीट असते आणि आत पत्र असते. एक सर्व्हर दुसऱ्याशी जोडला गेला म्हणजे तो प्रथम हा संदेश कोणाकडून आला व कोणासाठी आहे, एवढे सांगतो. हे झाले पाकीट. त्यानंतर तो प्रत्यक्ष पत्र सुपूर्द करतो. त्या पत्राचे पुन्हा दोन भाग असतात. वरचा शीर्षभाग आणि खालचा मजकूर. शीर्षभागात प्रेषकाचे नाव व पत्ता, कोणास पाठविले ते, विषय, दिनांक आणि संदेशाचा स्वतंत्र क्रमांक अशा ओळी असतात. वाचणाऱ्याच्या पडद्यावर जे प्रेषकाचे नाव दिसते ते या शीर्षभागातील होय, पाकिटावरील नव्हे. पाकीट मुक्कामी पोहोचल्यावर फेकून दिले जाते, शीर्षभाग पत्राबरोबर राहतो.

पत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर, तेथून तिसऱ्यावर असे टप्प्याटप्प्याने जाते. प्रत्येक टप्प्यावर तो सर्व्हर शीर्षभागाच्या अगदी वर एक नवी ओळ लिहितो. संदेश कोणाकडून मिळाला, कोणी घेतला आणि किती वाजता, याची ती नोंद असते. पूर्वी पाकिटावर निघालेल्या गावाचा आणि पोहोचलेल्या गावाचा असे तारखेचे ठसे उमटत, तसाच हा प्रकार. सर्वांत वरची ओळ शेवटच्या टप्प्याची असल्यामुळे या ओळी खालून वर वाचल्या की पत्राचा मार्ग उलगडतो. पत्र कोठे रखडले, ते खरोखर ज्या ठिकाणाहून आल्याचे सांगते तेथूनच आले काय, याचा शोध घेणारे तपासनीस प्रथम याच ओळींकडे वळतात.

या व्यवहाराचे नियम १९८२ च्या ऑगस्ट महिन्यात दोन पत्रकांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. वाहतुकीचे नियम जोनाथन पोस्टेल यांनी लिहिले, तर पत्राच्या रचनेचे नियम डेव्हिड क्रॉकर यांनी. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांची सुधारलेली रूपे प्रसिद्ध झाली. त्यांत शीर्षभागाला कोणी हात लावावा, याची वाटणी स्थळपरत्वे केलेली आहे. संदेश जेथून निघतो त्या पहिल्या सर्व्हरला काही डागडुजी करण्याची मोकळीक आहे. दिनांक लिहावयाचा राहिला असेल तर तो घालावा, संदेशाला क्रमांक नसेल तर द्यावा, पत्ता अर्धवट असेल तर पूर्ण करावा. मुक्कामाचा शेवटचा सर्व्हर संदेश परत करण्याचा पत्ता पाकिटावरून उतरवून शीर्षभागात लिहून ठेवतो. मधल्या सर्व्हरने मात्र ही डागडुजी करावयाची नाही. त्याने आपली नोंदीची ओळ सर्वांत वर घालावी आणि संदेश पुढे द्यावा. आधीच्यांनी केलेल्या नोंदी बदलू नयेत, पुसू नयेत, त्यांचा क्रमही फिरवू नये, असे नियम निक्षून सांगतो.

या वाटणीमागचे कारण सरळ आहे. पहिला सर्व्हर आपल्या ग्राहकाला ओळखतो. तो कोण आहे, कोणत्या संस्थेचा आहे, त्याचा अर्धवट पत्ता कसा पूर्ण करावयाचा, हे त्याला ठाऊक असते. जसजसे पत्र दूर जाते तसतशी ही माहिती कमी होते आणि दुरुस्ती चुकीची ठरण्याचा संभव वाढतो. समजा, एखाद्या पत्रात उत्तराचा पत्ता म्हणून केवळ ‘लेखा’ एवढाच शब्द आहे. लिहिणाऱ्याच्या मनात त्याच्या स्वतःच्या कचेरीचा लेखा विभाग आहे. मधल्या एखाद्या सर्व्हरने उत्साहाने त्यापुढे आपल्याच संस्थेचे नाव जोडले, तर पत्ता दिसावयास निर्दोष होईल आणि उत्तर मात्र भलत्याच कचेरीच्या लेखा विभागात जाऊन पडेल. अपुरा पत्ता निदान अपुरा दिसतो. चुकीने पूर्ण केलेल्या पत्त्याची चूक दिसतसुद्धा नाही. डिसेंबर १९९८ मध्ये तर ग्राहकाकडून पत्र स्वीकारण्याचे काम वाहतुकीच्या कामापासून वेगळे करण्यात आले. वाहतुकीसाठी पंचवीस क्रमांकाचा दरवाजा होताच. स्वीकृतीसाठी ५८७ क्रमांकाचा स्वतंत्र दरवाजा नेमून दिला गेला. दुरुस्ती करावयाची ती या दाराशी, ही मर्यादा त्यामुळे अधिक स्पष्ट झाली.

मग मधल्या सर्व्हरांना बदल करण्याची सवय लागली तरी कशी? त्याचे उत्तर इतिहासात सापडते. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला संदेश पाठविला तेव्हा जाळे एकच होते. पुढील दहा-बारा वर्षांत आर्पानेट, यूयूसीपी, बिटनेट अशी निरनिराळी जाळी वाढली आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची तऱ्हा वेगळी राहिली. यूयूसीपीच्या पत्त्यात तर मुक्कामाऐवजी सबंध वाटच लिहावी लागे. अमुक यंत्राकडून तमुक यंत्राकडे अशी नावे उद्गारचिन्हांनी जोडून द्यावयाची. एका जाळ्यातून दुसऱ्यात जाताना पत्त्याचे रूपांतर केल्यावाचून पत्र पुढे सरकणेच शक्य नव्हते. बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी लिहिलेल्या सेंडमेल या प्रणालीचे मोठे सामर्थ्य हेच होते की, पत्त्यांचे रूपांतर करण्याचे नियम तिच्यात हवे तसे बसविता येत. त्या काळी हा बदल म्हणजे दुभाष्याचे काम होते, आणि ते आवश्यक होते. मात्र दोन-तीन दुभाषांच्या हातून गेलेला परतीचा पत्ता पुष्कळदा असा विस्कटे की, उत्तर लिहिणाऱ्याला वाट सापडत नसे. पुढे सर्वत्र एकाच पद्धतीचे पत्ते रूढ झाले आणि दुभाष्याची गरज सरली. सवय मात्र मागे राहिली.

रूपांतर की मूळ रूप, या वादाचा एक अध्याय देवनागरी लिपीशी निगडित आहे, म्हणून मराठी भाषकांना त्यात विशेष स्वारस्य वाटावे. १९८२ च्या नियमांत शीर्षभागासाठी केवळ १२८ चिन्हांची रोमन वर्णमाला मान्य होती. जून १९९२ मध्ये यावर एक तोडगा निघाला. रोमनेतर अक्षरे ठराविक संकेताने रोमन चिन्हांत गुंफून पाठवावयाची आणि पलीकडच्या संगणकाने ती उलगडावयाची. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या संकेतात ‘विषय’ हा शब्द बारा बाइटांचा होतो आणि गुंफल्यावर सोळा रोमन चिन्हांचा. जुन्या शुभेच्छांच्या तारेत ग्राहक केवळ एक क्रमांक देई आणि पलीकडची कचेरी त्या क्रमांकाचे ठरलेले वाक्य लिहून देई, त्यासारखीच ही योजना होय. येथे रूप बदलते, पण ते प्रेषकाच्या बाजूने, ठरलेल्या संकेतानुसार आणि पुन्हा जसेच्या तसे मिळेल अशा रीतीने बदलते. मात्र मधल्याच सर्व्हरने लांब ओळ दिसली म्हणून ती मनाला येईल तेथे तोडली, तर गुंफण विसकटते आणि वाचणाऱ्याच्या पुढे मराठी विषयाऐवजी निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते.

या तोडग्याने नाव व विषय यांची सोय झाली. पत्ता मात्र रोमनच राहिला. पत्तादेखील आपापल्या लिपीत लिहिता यावा, यासाठी २००८-०९ च्या सुमारास प्रायोगिक नियम तयार झाले. त्यांत एक प्रश्न होता. वाटेतील पुढच्या सर्व्हरला देवनागरी पत्ता कळत नसेल, तर काय करावयाचे? प्रयोगातील उत्तर असे होते की, आधीच्या सर्व्हरने वाटेतच पत्त्याच्या जागी पर्यायी रोमन पत्ता घालावा आणि मूळ पत्ता वेगळ्या ओळीत नमूद करून संदेश पुढे द्यावा. म्हणजेच वाटेतील बदलाला येथे नियमाचीच संमती होती. परंतु अनुभवान्ती ही योजना वाजवीपेक्षा गुंतागुंतीची आणि समजले होते त्याहून कमी आवश्यक ठरली. फेब्रुवारी २०१२ मध्ये कायम नियम आले तेव्हा ती वगळण्यात आली. आता पुढच्या सर्व्हरला तो पत्ता समजत नसेल, तर संदेश न बदलता प्रेषकाकडे परत पाठवावयाचा. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन खुले झाले. ज्या भाषांसाठी ते योजले होते त्यांत मराठी आणि कोंकणीही होत्या. अशा पत्त्यावरून निघालेले पत्र एक तर जसेच्या तसे पोहोचेल, नाही तर परत येईल. परत आलेले पत्र कोणाला आवडत नाही. पण पत्र परत आले म्हणजे ते पोहोचले नाही हे प्रेषकाला कळते आणि दुसरा मार्ग शोधता येतो. गुपचूप बदललेल्या पत्राविषयी तीही सोय उरत नाही.

वाटेतील बदलाचा दोष खऱ्या अर्थाने उघड झाला तो स्वाक्षरीमुळे. ई-मेलच्या शीर्षभागात प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते, ही या व्यवस्थेची मूळची उणीव. ती भरून काढण्यासाठी याहू आणि सिस्को यांच्या दोन योजना एकत्र करून मे २००७ मध्ये डीकिम या नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. प्रेषकाच्या संस्थेचा सर्व्हर शीर्षभागातील निवडक ओळी आणि मजकूर यांवरून गणिताने एक सारसंख्या काढतो, ती आपल्या गुप्त किल्लीने मुद्रांकित करतो आणि शीर्षभागातच नोंदवितो. त्या किल्लीची उघड जोडकिल्ली त्या संस्थेच्या डोमेनखाली सर्वांना उपलब्ध असते. स्वीकारणारा सर्व्हर तिच्या साह्याने पडताळा पाहतो. प्रेषकाच्या नावाची ओळ या स्वाक्षरीत असलीच पाहिजे. विषय, दिनांक वगैरे ओळी सामान्यतः असतातच. जुन्या मोर्तबाचाच हा गणिती अवतार म्हणावयाचा.

या मोर्तबाचा स्वभाव मात्र कडक आहे. विषयाच्या आधी एखादा शब्द जोडला किंवा प्रेषकाच्या नावातील एक अक्षर बदलले की पडताळा चुकतो. मोकळ्या जागा कमीजास्त झाल्या तर चालेल, एवढी सवलत प्रेषकाला ठेवता येते, पण त्यापलीकडे नाही. आणि पडताळा चुकला म्हणजे तो का चुकला, हे कळत नाही. विषयाची ओळ नीटनेटकी करणारा सुस्वभावी सर्व्हर आणि खोटे पत्र तयार करणारा भामटा, दोघांच्याही हातचे पत्र स्वीकारणाऱ्याला सारखेच संशयास्पद दिसते. सद्हेतूने केलेला बदल आणि कपटाने केलेला बदल यांत स्वाक्षरी भेद करू शकत नाही. वाटेतील बदलाविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप हाच होय.

याच पद्धतीत मजकुराच्या केवळ पहिल्या काही भागावर स्वाक्षरी करण्याची एक सोयही ठेवलेली आहे. वाटेत कोणी शेवटी तळटीप जोडली तरी स्वाक्षरी मोडू नये, असा तिचा उद्देश होता. पण तळटीप जोडता येते तेथे खोटा मजकूरही जोडता येतो. लेखनसीमा मोकळी सोडली की पुढे कोण काय लिहील याचा भरवसा नाही, हे आपले जुने कारकून जाणून होते. ही सोय धोक्याची असल्याचा इशारा नियमांनीच देऊन ठेवला आहे.

असे असले तरी दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. सर्वांत अवघड उदाहरण सामूहिक पत्रव्यवहाराचे आहे. एखाद्या विद्वत्सभेचा किंवा संघटनेचा एक सामाईक पत्ता असतो. तेथे पाठविलेले पत्र तिचा सर्व्हर सर्व सभासदांना वाटतो, आणि वाटताना विषयाआधी मंडळाचे नाव व शेवटी सूचना जोडतो. अनेक वर्षे यात कोणालाही वावगे वाटले नाही. पुढे २०१२ मध्ये डीमार्क ही व्यवस्था पुढे आली. तिच्या योगाने डोमेनच्या मालकाला असे जाहीर करता येते की, आमच्या नावाने आलेल्या पत्राचा पडताळा जुळला नाही तर ते नाकारावे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या ग्राहकांच्या पत्त्यांसाठी हे फर्मान काढले आणि त्याच महिन्यात एओएलनेही त्याचे अनुकरण केले. त्यांच्या नावाने चाललेली फसवणूक थांबविणे, हा हेतू योग्यच होता. परंतु परिणाम असा झाला की, याहूच्या एखाद्या ग्राहकाने मंडळाला पत्र लिहावे, मंडळाने ते बदलून वाटावे, इतर सभासदांच्या सर्व्हरांनी ते नाकारावे, आणि पत्रे परत येतात असे पाहून मंडळाच्या यंत्राने त्या निरपराध सभासदांचीच नावे खोडावीत.

या पेचातून सुटण्यासाठी अनेक मंडळांनी प्रेषकाच्या ओळीतील पत्ताच बदलून तेथे मंडळाचा पत्ता घालण्यास प्रारंभ केला. ज्या संघटनेत हे नियम घडतात त्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सलाही आपल्या सामूहिक पत्रव्यवहारात अशी फेररचना करावी लागली. यात विसंगती उघड आहे. खोट्या प्रेषकापासून रक्षण करण्यासाठी खऱ्या प्रेषकाचाच पत्ता खोडला गेला. तथापि एक गोष्ट येथे न्यायाने सांगितली पाहिजे. वाटप करणारे मंडळ हे निव्वळ वाहक नसते. ते पत्र स्वीकारते, त्याला आपले रूप देते आणि नव्याने प्रसृत करते. म्हणजेच ते प्रकाशकाच्या जागी असते. प्रकाशकाने फेरफार करण्यास हरकत नाही, मात्र त्याखाली त्याने आपले नाव घातले पाहिजे. जुलै २०१९ मध्ये प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झालेली आर्क ही पद्धत याच विचाराची आहे. संदेश हाती आला तेव्हा मूळ स्वाक्षरी जुळत होती की नाही, हे मध्यस्थाने नोंदवावे आणि त्या नोंदीवर स्वतःची मुद्रा उठवावी. पुढच्याने त्या मध्यस्थावर कितपत विश्वास ठेवावा हे त्याचे त्याने ठरवावे; निदान काय घडले हे लपून राहत नाही. याच्याही पुढे जाऊन, बदल करणाऱ्याने मूळ रूप परत मिळविता येईल अशी नोंद ठेवावी, असा विचार या क्षेत्रातील जाणकार करीत आहेत.

बदलाच्या समर्थनार्थ आणखी दोन कारणे दिली जातात. पहिले सावधगिरीचे. अनेक संस्थांचे सर्व्हर बाहेरून आलेल्या पत्राच्या विषयाआधी ‘बाह्य’ असा शब्द जोडतात, म्हणजे कर्मचारी फसू नयेत. हेतू चांगला आहे आणि हे काम मुक्कामाच्या दाराशी, पडताळा झाल्यानंतर होते. पण तेच पत्र पुढे दुसरीकडे आपोआप वळविले गेले की मोडलेली स्वाक्षरी त्याच्याबरोबर जाते. इशारा देण्यासाठी विषयाची ओळ बदलण्याऐवजी वेगळी ओळ जोडून तो पडद्यावर दाखविता येतो. दुसरे कारण खाजगीपणाचे. प्रवासाच्या पहिल्या नोंदीत प्रेषकाच्या घरच्या जोडणीचा क्रमांक येऊ शकतो आणि त्यावरून त्याचा ठावठिकाणा शोधता येतो. एखाद्या वार्ताहराला किंवा छळाला भिऊन राहणाऱ्या स्त्रीला हे घातक ठरेल. हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे पहिल्याच सर्व्हरने ती माहिती पत्रात न घालता आपल्या दप्तरी ठेवणे. नंतर कोणी वाटेत ती ओळ खोडावी, हा नव्हे. कारण खोडण्याची मुभा एकदा दिली की आपला माग पुसू पाहणाऱ्यालाही ती मिळते.

भारतीय कायद्याने या प्रश्नाला दुसऱ्या बाजूनेही स्पर्श केला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमात मध्यस्थाला दुसऱ्याच्या मजकुराच्या उत्तरदायित्वातून सूट मिळण्याच्या अटी आहेत. त्यांतील एका पर्यायात असे म्हटले आहे की, मध्यस्थाने संदेशास स्वतः प्रारंभ केलेला नसावा, तो कोणाला जावा हे ठरविलेले नसावे, आणि त्यातील माहिती निवडलेली वा बदललेली नसावी. जो केवळ वाहतो त्याला दोष नाही. जो हात घालतो त्याने जबाबदारी घ्यावी, असाच याचा मथितार्थ.

तंत्राचा अनुभव आणि कायद्याची दृष्टी येथे एकमेकांना मिळतात. पत्र जेथून निघते तेथे, लिहिणाऱ्याला ओळखणाऱ्याने त्यातील उणिवा भरून काढाव्यात. वाटेत प्रत्येकाने आपला ठसा उमटवावा आणि दुसऱ्याच्या अक्षराला हात लावू नये. पत्र पुढे नेणे अशक्य असेल तर ते परत करावे. आणि ज्याला बदल केल्यावाचून गत्यंतर नाही, त्याने तो उघडपणे, आपल्या सहीनिशी करावा. एवढे पथ्य पाळले गेले, तर न्यायालयाने ई-मेलवर ठेवलेला विश्वास सार्थ ठरेल, आणि कचेरीतील लिपिकापासून परदेशी असलेल्या मुलाला चार ओळी लिहिणाऱ्या आईपर्यंत प्रत्येकाला, आपण लिहिले तेच पोहोचले, अशी खात्री बाळगता येईल.